गळा नाही ताई, पट्टी चुकतेय

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. मी ६३ वर्षांची, मूळची सांगलीची. सहा वर्षं झाली, तोक्योत निशि-कासाईला मुलगा-सुनेकडे असते. सकाळी साडेसहाला बागेत रेडिओ ताइसोचा व्यायाम करायला जाते, तिथं पाच-सहा जपानी बायकांशी गट्टी जमलीय, सगळ्या ६५ ते ८० मधल्या. वॉर्डाच्या क्लासमुळे बोलण्यापुरतं जपानी येतं, हिरागाना-काताकाना ही साधी अक्षरं वाचते, कांजी म्हणजे ती चिनी वळणाची चित्राक्षरं फार थोडी. महिन्यातून एकदा या सगळ्या दुपारच्या कराओकेला जातात आणि मलाही नेतात. आठ महिने मी नुसता मेलन सोडा पितेय आणि टाळ्या वाजवतेय. एकदाच गायले. सगळ्यांना माहीत असलेलं गाणं हवं म्हणून मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नि' लावलं, सुरुवात बरी झाली पण पुढे वरच्या जागेला आवाज असा फाटला की मीच माइक खाली ठेवला, आणि वर मशीनने पडद्यावर ५८ मार्क दाखवले. त्या बिचाऱ्या टाळ्या वाजवत होत्या, मला मात्र सातवीतल्या गाण्याच्या बाई आठवल्या, त्यांनी संमेलनात मला सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव. आता डिसेंबरात बोनेन्काइ, म्हणजे वर्षअखेरची पार्टी, आहे आणि प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं ठरलंय. माझ्यासारखीला जमेल असं सोपं जपानी गाणं सांगाल का? की सरळ मराठी गाणं म्हणून मोकळी होऊ? – टाळ्यावाली"

टाळ्यावाली ताई,

आधी त्या ५८ मार्कांचं बघू, कारण मला वाटतं तुमच्या डोक्यात अडकलेत ते मार्कच आणि त्यांच्यामागे उभ्या आहेत त्या सातवीच्या बाई. तुम्ही निवडलेलं गाणं दिसायला सोपं आणि गायला महाकठीण आहे, आणि जपानमधली पहिल्यांदा माइक धरणारी प्रत्येक परदेशी बाई नेमकी तेच निवडते, मीही निवडलं होतं. संथ आहे, सगळ्यांना पाठ आहे, शब्द सावकाश येतात, म्हणून वाटतं की जमेल. पण ते आलं जानेवारी १९८९ मध्ये, हिबारीबाई त्याच जूनमध्ये ५२व्या वर्षी गेल्या, म्हणजे लहानपणापासून गात आलेल्या बाईच्या अगदी शेवटच्या गाण्यांतलं हे गाणं. सुरुवात इतकी खालच्या स्वरात की बोलल्यासारखी, आणि मग धृवपदाला एकदम वर उडी, तीही जोर न लावता, हलक्या आवाजात. सुरुवात सोयीची वाटते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि वरची जागा आली की गळा भिंतीवर आपटतो. तुमचा आवाज फाटला तो तिथेच ना? मग त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, तिथं भल्याभल्यांचा फाटतो.

माझी गोष्ट याहून वाईट आहे. नवीन नवीन असताना नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत मला कोणीतरी आग्रह केला आणि मी मोठ्या रुबाबात 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकि' लावलं. हिवाळ्यातली सामुद्रधुनी, बोट, हुंदका, सगळं त्यात आहे, आणि ते एन्का आहे, म्हणजे स्वर धरून त्याला आतल्या आत पीळ द्यायचा, त्याला कोबुशि म्हणतात, आपल्या मुरकीसारखं काहीतरी. मी पीळ द्यायला गेले आणि कोणीतरी मागून मला खरंच पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं ठसका लागला. तेव्हा ५८ मार्क म्हणजे माझ्या हिशोबाने फर्स्ट क्लास.

आता एक गोष्ट सांगते जी मला फार आवडते. कराओके मशीनची सुरुवात सांगताना कोबेच्या इनोउए दाइसुके यांचं नाव घेतात, १९७१. (त्याच्या आधी १९६७ मध्ये तोक्योत नेगिशि शिगेइचि यांनीही एक मशीन बनवलं होतं, पण गोष्ट इनोउएंची जास्त चांगली आहे.) हे बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. त्यांचा एक गिऱ्हाईक होता, छोट्या कंपनीचा मालक, गाणं बेताचं, पण इनोउए त्याच्या आवाजाला आणि चुकण्याला सांभाळून वाजवायचे म्हणून त्याला त्यांचीच साथ लागायची. तो निघाला ऑनसेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीला आणि म्हणाला, तुम्हीही चला. यांना जाणं जमेना, म्हणून यांनी त्याच्या आवाजाला बसेल अशी साथ टेपवर भरून दिली. तिथून सगळं सुरू झालं. पुढे त्यांनी ११ मशीन बनवून बारना भाड्याने दिली, पेटंट घेतलंच नाही, आणि २००४ मध्ये त्यांना इग नोबेलचं शांतता पारितोषिक मिळालं, म्हणजे ते गमतीचं नोबेल, माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून! बघा, हे यंत्रच मुळी ज्याला नीट गाता येत नाही अशा माणसासाठी जन्माला आलंय. साथीने गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, हीच त्याची मूळ कल्पना. तुम्ही मात्र उलटं केलंत, हिबारीच्या पट्टीला स्वतःचा गळा जुळवायला गेलात.

म्हणून गाण्याच्या आधी पट्टी. वय वाढतं, पाळी जाते, तसा बायकांचा आवाज खाली उतरतो, हे अगदी नैसर्गिक आहे, पण आपण मनात अजून पंचविशीतलाच आवाज धरून बसलेलो असतो. गाण्याच्या मूळ रेकॉर्ड बहुतेक विशी-तिशीतल्या गायिकांच्या. तर तुमच्या हातात तो टॅबलेटसारखा रिमोट देतात ना, मशीन 'डाम' या ब्रँडचं असेल तर त्याला डेन्मोकु म्हणतात, त्यावर 'की' असं काताकानात लिहिलेलं असतं आणि शेजारी वर-खाली करायची बटणं. एकदा खाली दाबलं की गाणं अर्धा स्वर उतरतं. पेटी आठवा, काळ्या-पांढऱ्या मिळून शेजारची एक पट्टी डावीकडे सरकायचं, तेवढंच. काळी पाचला गाणाऱ्या बाईचं गाणं आपण काळी चारला घ्यायचं, त्यात कसली आलीय लाज, आपल्याकडे गाणं म्हणायला बसलं की पहिला प्रश्नच असतो 'तुमची पट्टी कुठली?' आणि इथे येऊन आपण तेच विसरतो. बाईने गायलेलं गाणं असेल तर दोन किंवा तीन खाली करून बघा, तरी ओढ लागली तर चार. फार खाली नेलंत तर सुरुवातीचे शब्द घशातच राहतील, तेव्हा तपासायचं ते वरच्या जागेवर आणि खालच्या जागेवर दोन्हीकडे. पुरुषाने गायलेलं असेल तर मात्र कधी वर करावं लागतं कधी खाली, त्याला नियम नाही, गाऊनच बघायचं. जो आकडा जमेल तो गाण्याच्या नावापुढे वहीत लिहून ठेवायचा, माझ्या मैत्रिणी हे सर्रास करतात, पर्समध्ये छोटी वही असते आणि त्यात गाणं, पुढे उणे तीन, उणे दोन. तुमच्यातल्या ७५ वर्षांच्या आजी बघा नीट पुढच्या वेळी, गाणं लावल्या लावल्या त्यांचं बोट आधी त्या बटणावर जातं का नाही ते.

आणखी एक गैरसमज, हळू गाणं म्हणजे सोपं गाणं. अजिबात नाही. हळू गाण्यात स्वर लांबवर धरावा लागतो, श्वास पुरत नाही, आवाज थरथरला की सगळ्यांना ऐकू जातं. मध्यम चालीचं, पावलावर पाऊल पडल्यासारखं गाणं नवख्या माणसाला बरं. तसंच लहान मुलांचं गाणं म्हणजे सोपं असंही नाही. 'आकातोंबो' म्हणजे लाल चतुर, ते गाणं तुम्हाला क्लासमध्ये कोणीतरी शिकवलंच असेल, इतकुसं गाणं पण पहिल्या ओळीतच मंद्र सप्तकातल्या पंचमापासून निघून थेट तार षड्जाला जातं. यामादा कोसाकु यांची चाल फारच सुंदर, घरी गुणगुणायला ठेवा, डिसेंबरसाठी नको.

मग काय गायचं? माझं पहिलं मत 'शिकि नो उता' ला, म्हणजे ऋतूंचं गाणं. १९७६ च्या सुमारास सेरि योको या गायिकेमुळे घराघरांत गेलं, शब्द आणि चाल दोन्ही आराकि तोयोहिसा यांचं. चार कडवी, चारही एकाच चालीत, प्रत्येक कडवं इतकं छोटं की सुरू होतंय तोवर संपतं. वसंत आवडणारा माणूस कसा, तर मित्रासारखा, उन्हाळा आवडणारा वडिलांसारखा, शरद आवडणारा प्रियकरासारखा, आणि हिवाळा आवडणारी आई, तिचं मन मोठं, साचलेला बर्फ वितळवणाऱ्या जमिनीसारखं. एवढंच गाणं. चाल फार वर जात नाही, शब्द साधे, आणि पहिल्या कडव्यात चुकलात तर तीच चाल परत तीनदा येणार असते त्यामुळे सुधारायला जागा आहे, हे फार मोठं सुख आहे ताई. शेवटी नुसतं ला ला ला, तिथे सगळ्या तुमच्यात येणारच. तुमच्या मैत्रिणींच्या वयाच्या बायकांना हे पाठ असतंच असतं, तरुणपणीचं गाणं आहे त्यांच्या. आणि डिसेंबरात हिवाळ्याच्या कडव्याला आई येते, तिथे कोणी डोळे पुसले तर दचकू नका. चाल जराशी उदास आहे हे खरं, पण रडकी नाही.

तुमचा स्वभाव पत्रावरून मला थोडा गमत्या वाटला (मेलन सोडा!) म्हणून दुसरं सांगते, 'सान्ब्याकु रोकुज्युगो-हो नो माची', १९६८ चं, तीनशे पासष्ट पावलांचं मार्च गाणं, गायिका सुइझेन्जि कियोको. सुख चालत आपल्याकडे येत नाही, मग आपणच त्याच्याकडे चालत जायचं, रोज एक पाऊल, तीन पुढे टाकायची आणि दोन मागे यायची, असा सगळा मामला आहे. या बाईंचा आवाज भरदार, जरा पुरुषीच, त्यामुळे खालच्या आवाजाच्या बायकांना मूळ पट्टीतही कधीकधी बसतं. शब्द जरा भराभर येतात, तेवढी तयारी लागेल, पण ते एक-दोन एक-दोन करत चालायचं गाणं असल्याने तुम्ही गाताय की कवायत करताय हे कोणी बघतच नाही, रेडिओ ताइसोवाल्या बायका तर हातच उचलतील. स्वर चुकला तरी ताल धरला की गाणं उभं राहतं. लाजाळू माणसाला संथ, भावुक गाण्यापेक्षा असं टाळ्यांचं गाणं कितीतरी सोपं, कारण टाळ्यांच्या आवाजात आपला आवाज लपतो.

'उए ओ मुइते आरुको' बद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. १९६१ चं साकामोतो क्यु यांचं, १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं, हो तेच. अश्रू पडू नयेत म्हणून वर बघत चालू या. सगळ्यांना येतं आणि सगळ्या मधे पडतील. फक्त त्यांच्यासारखे शब्दांचे तुकडे करून हेलकावे देत बसू नका, सरळ गा, आणि शिट्टीचा भाग आला की ज्या आजींना शिट्टी येते त्यांच्या तोंडापुढे माइक धरा. एक तरी निघतेच.

'सेतो नो हानायोमे' मात्र मला तुमच्यासाठी मनापासून आवडेल, पण पहिलं गाणं म्हणून नको, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला. १९७२ चं, कोयानागि रुमिको यांचं. सेतोच्या समुद्रातून एक मुलगी छोट्या बोटीने लग्न होऊन बेटावर निघालीय, लहान भाऊ रडतोय. सासरी जाणं हे जपान्यांना समजावून सांगावं लागत नाही आणि आपल्यालाही नाही, सांगलीहून निघताना तुमचाही भाऊ कुठेतरी एस.टी. स्टँडवर उभा राहिलाच असेल. धृवपद थोडं चढतं, तीन खाली घ्या.

तुम्हाला परदेशी उच्चारांची लाज वाटत असेल (तुम्ही लिहिलं नाहीत पण मला वास आला) तर तेरेसा तेन ऐका. तैवानची बाई, जपानी तिची मातृभाषा नाही, आणि १९८४ ते ८६ या तीन वर्षांत तिने जपानला वेड लावलं. तिच्या त्या गाण्यांचे शब्द लिहिणारे कोण, तर हेच आराकि तोयोहिसा, ऋतूंच्या गाण्याचे. तिचं 'तोकि नो नागारे नि मि ओ माकासे' तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी गातंच असणार. ती जोर लावतच नाही, कानात बोलल्यासारखी गाते, आणि माइक असल्यावर तेवढं पुरतं. पण त्यातला प्रेमाचा मजकूर फार गोड गोड आहे, साठीनंतर सुनेसमोर गायला मला तरी जरा कसंसंच होतं, तुमचं तुम्ही बघा.

आणि शब्दांचीच भीती असेल तर एक गंमत. 'योआके नो सुक्यात्तो', १९६९, युकि साओरि. पहिलं अख्खं कडवं शब्दांशिवाय आहे, नुसतं रु रु रु, ला ला ला. कांजी वाचायचा प्रश्नच नाही. वर जातं, त्यामुळे खाली उतरवावं लागेल, पण अर्ध्या गाण्याला शब्दच नाहीत ही सोय दुसरीकडे कुठे मिळणार.

तुम्ही लहानपणी थोडं शास्त्रीय ऐकलं असेल, सांगली-मिरजेकडच्या म्हणजे कानावर पडलंच असणार, तर एक चोरवाट सांगते. जपान्यांच्या जुन्या गाण्यांत मध्यम आणि निषाद गाळलेली एक सप्तकाची जात असते, त्याला ते योनानुकि म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा वगळलेला. उरलं काय? सा रे ग प ध. भूप! सेन मासाओ यांचं १९७७ चं 'कितागुनि नो हारु', उत्तरेकडचा वसंत, ते ऐकून बघा, शहरात राहणाऱ्या माणसाला आईने गावाकडून पार्सल पाठवलंय आणि त्याला घर आठवतंय. पहिल्यांदा ऐकाल तेव्हाच ओळखीचं वाटेल, कारण ते स्वर आपल्या कानात लहानपणापासून बसलेत. म्हणजे गाणं जपानी असलं तरी वाट माहितीची. पुरुषाचं गाणं आहे पण बायका सर्रास गातात.

शब्दांची तयारी कशी करायची तर वहीत देवनागरीत लिहून काढा, रोमन अक्षरांत अजिबात नको. पडद्यावर कांजीच्या डोक्यावर हिरागाना येतात, तुम्हाला वाचता येतील, पण गाताना वाचायला वेळ नसतो. आपली लिपी जपानीला इतकी चपखल बसते की विचारू नका, आणि त्याला कारणही आहे, ते जे आ इ उ ए ओ, का सा ता ना हा मा या रा वा तुम्ही क्लासमध्ये घोकलंत तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेलाय, आपलीच बाराखडी फिरून आली. पण एक सांभाळा. त्यांच्याकडे अर्धा न् आणि जोडाक्षरातला थांबा यांनाही पूर्ण मात्रा असते. 'सान्ब्याकु' आपण तीन टाळ्यांत उरकतो, सान्-ब्या-कु, ते चार मोजतात, सा, न्, ब्या, कु. 'इप्पो' म्हणजे एक पाऊल, ते इ, प्, पो असं तीन. जुन्या गाण्यांत बहुतेक एका मात्रेला एक स्वर असतो, त्यामुळे आपण न् गिळला की आपण पुढे आणि वाद्यं मागे, आणि मग वाटतं की आपल्याला ताल नाही. ताल असतो, न् खाल्लेला असतो. वहीत लिहिताना प्रत्येक मात्रेमध्ये छोटी रेघ मारा आणि बोटांवर मोजत नुसतं म्हणा, गाऊ नका, भाजी निवडताना, आठवडाभर.

मग एक दिवस एकट्या जा. हो, एकट्या. इथे त्याला नावच आहे, हितोकारा, एकट्याचा कराओके, आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटत नाही. कामाच्या दिवशी दुपारी जायचं, तेव्हा दरही कमी असतात. काउंटरवर 'हितोरि देस्' आणि 'इचिजिकान' एवढंच म्हणायचं, एकटी आहे, एक तास. एक ड्रिंक बहुतेक ठिकाणी घ्यावंच लागतं, तुमचा मेलन सोडा घ्या. मग एकच गाणं पाचदा लावा. पहिल्यांदा गाइड मेलडीचा आवाज वाढवून, म्हणजे चाल वाजवून दाखवणारं वाद्य मोठं होतं, त्याच्याबरोबर नुसतं हूं हूं. दुसऱ्यांदा पट्टी बदलत बदलत. तिसऱ्यांदा उभं राहून, कारण बसून गायलं की पोट दबतं. मधेच बंद करायचं बटण असतं ते कुठे आहे तेही शोधून ठेवा, त्या बटणाची माहिती असली की निम्मी भीती जाते. माइक हनुवटीपाशी नको, तोंडासमोर, जरासा अंतरावर, आणि एको थोडा वाढवा पण न्हाणीघरात गातोय इतका नको. आपल्या आवाजाची सवय व्हायला तो एक तास लागतोच, स्पीकरमधून स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की कोणालाही परकाच वाटतो.

आता त्या खोलीबद्दल. तुम्ही आठ महिने टाळ्या वाजवताय म्हणून नीट बघितलं असेल की प्रत्येक जण माइक हातात घेताना 'हेता देस् केदो' म्हणते, मला काही येत नाही बरं का, आणि मग खणखणीत गाते. ते आपल्या 'आज जरा घसा बसलाय' सारखं आहे, खरं मानायचं नसतं. पण गोची अशी की तुम्ही 'मला येत नाही' म्हणालात ना, तेही त्यांनी तसंच ऐकलं असणार, नम्रता म्हणून. म्हणून त्या तुम्हाला सोडत नाहीत. त्यांना वाटतंय तुम्ही लाजताय, आणि तुम्हाला वाटतंय त्या छळतायत. शिवाय दुसरी गाताना निम्म्या जणी पुढचं स्वतःचं गाणं शोधत त्या डेन्मोकुत डोकं घालून बसलेल्या असतात, हेही बघितलं असेलच. तुमच्या बाई सातवीत स्टेजखाली उभ्या राहून बघत होत्या, इथे तेवढा वेळ कोणाला आहे.

तुमच्या ग्रुपमधल्या जिच्याशी सगळ्यात जास्त जमतं तिला आधीच सांगून ठेवा की मी ऋतूंचं गाणं म्हणणार, तुम्ही माझ्यासोबत म्हणाल का, 'इश्शोनि उताइमाश्यो'. खोलीत दोन माइक असतातच. वसंताचं कडवं दोघींनी, उन्हाळा तिने, शरद दोघींनी, हिवाळा तुम्ही एकटीने. म्हणजे एकटीने गायचं ते एकच कडवं, आणि तोवर तीनदा चाल झालेली. आणि नंबर दुसरा किंवा तिसरा घ्या, शेवटचा घेऊ नका, शेवटपर्यंत वाट बघत बसलं की ती बोनेन्काइ तुम्ही पोटात गोळा घेऊनच काढाल, जेवणसुद्धा लागणार नाही.

मराठी गाण्याचं विचारलंत. म्हणा ना, पण सुटका म्हणून नको. जपानी गाणं झाल्यावर कोणीतरी 'इंदो नो उता!' म्हणून मागेलच, मग मशीन बंद करून आजीच्या तोंडची एखादी जात्यावरची ओवी दोन ओळी म्हणा, तिथे ना कोणाला मूळ पट्टी माहिती ना शब्द. पण जपानी गाणं टाळून फक्त मराठी म्हणालात तर सगळ्या गप्प बसून कौतुकाने ऐकतील, आणि गप्प बसून ऐकणारी माणसं हीच तर तुमची अडचण आहे. त्यांना तुमच्याबरोबर गाता येईल असं काहीतरी हवं.

शेवटी बहुतेक सगळ्या मिळून 'फुरुसातो' म्हणायचं सुचवा, १९१४ चं शाळेतलं गाणं, गाव, डोंगर, लहानपणी खेळलेली नदी, आई-बाबा कसे असतील. तीन तीन मात्रांचं आहे, दादऱ्यासारखं मांडीवर हात मारत म्हणता येतं. सुरुवातीला 'उसागि ओइशि' येतं, म्हणजे सशाच्या मागे धावलो तो डोंगर, आणि निम्म्या जपानी मुलांना लहानपणी वाटतं की 'ससा चविष्ट लागतो', कारण चविष्टला शब्द ओइशिइ. त्यांना विचारा तुम्हालाही तसंच वाटायचं का, बघा कशा हसतात.

आणि खोलीत शिरल्या शिरल्या, बूट-कोट-पर्स काहीही व्हायच्या आत, ते मार्कांचं, साइतेन की काय लिहिलेलं असतं ते, बंद करायला सांगा. कोणी विचारलंच का, तर म्हणा मशीनला मराठी कळत नाही.

तुमची,
उणे तीनवाली